आमची वाटचाल : चाळकेवाडीच्या पठारावरून

साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवडे पठारावर पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या, तेव्हापासून आम्ही लाइनची कामं घेतो. नोव्हेंबर 2003 मध्ये वीज नियामक आयोगाने युनिटला साडेतीन रुपये दर आणि दरवर्षी 15 पैसे वाढ दिली, मग आम्हाला उसंत मिळाली नाही. ती वर्षं बरी गेली.

लिहायचंय ते एका फीडरबद्दल, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या एका लाइनबद्दल. 33 केव्हीची (33 हजार व्होल्टची) लांबलचक लाइन, वाटेत गावांची उपकेंद्रं, टोकाला इंडक्शन जनरेटरच्या जुन्या चक्क्या. पावसाळ्यात रात्री वारा भरात आणि खाली शेतीपंप बंद. टोकाचं व्होल्टेज चढायचं, मशीनच्या 690 व्होल्टच्या बाजूला 760 ओलांडलं की एकेक मशीन ट्रिप, म्हणजे आपोआप बंद. ऐन सीझनची युनिटं बुडायची. आमच्याच धंद्यातल्या एका बड्या ठेकेदाराने मालकांना पटवलं, ‘पॉवर फॅक्टरचा घोळ आहे, कपॅसिटर वाढवा.’ रिॲक्टिव्हचा (इंडक्शन मशीन लाइनमधून ओढतात त्या, प्रत्यक्ष काम न करणाऱ्या विजेचा) भुर्दंड वाचेल म्हणून त्यांनी ती जागेवरच पुरवणारे कपॅसिटर बसवले. रात्री हलक्या लोडवर कपॅसिटरने व्होल्टेज आणखी चढवलं, आणि खापर फुटलं आमच्या जंपर-जॉइंटवर, म्हणजे लाइनच्या तारांच्या जोडांवर! बिलं अडकली. पोरांच्या पगारासाठी घरातलं सोनं गहाण ठेवलं.

इचलकरंजीचे एक सूतगिरणीवाले, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, तेवढे पाठीशी राहिले. “मोजून दाखवा, बाकीचं मी बघतो.” मीटरमधून पंधरा-पंधरा मिनिटांचा लोड सर्व्हे (लोड आणि व्होल्टेजची नोंद) उतरवला. जॉइंट मोजून निर्दोष दाखवले. मग शटडाऊन घेऊन ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायची जोडणी) एक पायरी बदलला आणि कपॅसिटर टप्प्याटप्प्याने जोडणारा कंट्रोलर बसवला. ट्रिपिंग थांबलं. अण्णांनी आमचं बिल स्वतः उभं राहून काढून दिलं. तीच रचना त्या ठेकेदाराने पुढे इतर फीडरवर स्वतःच्या नावाने विकली. हे आजही सलतं.

आताच्या कन्व्हर्टरवाल्या मशीन रिॲक्टिव्ह स्वतः सांभाळतात. तरी या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना सांगतो, लोड सर्व्हे पाहिल्याशिवाय कपॅसिटरला हात लावू नका. मे संपायच्या आत इन्सुलेटर पुसून घ्या, मेगरचे (इन्सुलेशन मोजायच्या उपकरणाचे) आकडे तारीख घालून वहीत लिहा. आणि जॉइंट मीटर रीडिंगवर (दोन्ही बाजूंनी मिळून घेतलेल्या मीटरच्या नोंदीवर) सही करताना केव्हीएआरएचचा, म्हणजे रिॲक्टिव्ह युनिटांचा, रकाना आधी वाचा.