पानाची कुंडली

एका जाडजूड शब्दकोशात मी गिंकोचं पान जपून ठेवलंय. पंख्याच्या आकाराचं, मधोमध चिरलेलं. परवा ते अलगद मांडीवर पडलं. मग शब्द शोधायचा राहिला बाजूला आणि मी झाडाची कुंडली मांडून बसले.

जाती, प्रजाती, कुल, गण, विभाग. कुठल्याही घरात डोकावा, हाच एकटा बसलेला! भाऊबंद सगळे खडकांत, जीवाश्म होऊन. नावसुद्धा धड नाही. जर्मन निसर्गअभ्यासक केम्फरने 1712 मध्ये जपानी उच्चार लिहिताना अक्षरांची काहीतरी गफलत केली असं मानतात. सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1771 मध्ये तीच कायम केली.

आययूसीएन ही निसर्गसंवर्धनाची जागतिक संघटना. कुठल्या जातीला किती धोका आहे हे सांगणाऱ्या तिच्या लाल यादीत हे झाड 'संकटग्रस्त' आहे. मी चक्रावलेच. जगभरच्या रस्त्यांच्या कडेला रांगेने उभं असलेलं झाड ते! पण यादी लावलेली झाडं धरतच नाही. मोजायचं ते आपल्या मूळ रानात आपसूक वाढलेलं. तसं गिंको चीनच्या डोंगरांत जेमतेम उरलंय. रस्त्यांवर तर बहुतेक नरच लावतात, कारण मादीच्या पिकल्या बियांना अगदी नासक्या लोण्याची घाण येते.

हाताला चाळाच लागला. मग माझा लाडका समुद्रपक्षी काढला, अटलांटिक पफिन. याचंही शास्त्रीय बारसं लिनियसनेच केलं, 1758 मध्ये. याच्या कुंडलीत मात्र पाय ठेवायला जागा नाही. ऑक कुलातले सख्खे-चुलत तर आहेतच, शिवाय त्याच गणात कुरव आणि चक्क आपली टिटवीसुद्धा! संख्या म्हणाल तर कोटीच्या घरात. तरी 2015 पासून शिक्का 'असुरक्षित'.

इथे यादी डोकी मोजत नाही, उतार बघते. तीन पिढ्यांत संख्या तीस टक्के घटली, किंवा घटेल असं दिसलं, तरी हा शिक्का बसतो. पफिनची जोडी वर्षाला एकच अंडं घालते. समुद्र तापला, सँड ईल मासे विरळ झाले, की बिळातलं ते एकुलतं पिल्लू उपाशी राहतं. असे हंगाम लागोपाठ आले की कोटीचा आकडा धीर देत नाही.

पान परत शब्दकोशात ठेवलं. गिंको आपली पिवळी पानं कधीकधी एका दिवसात सगळी गाळून टाकतो. पफिनच्या चोचीवरची रंगीत आवरणंही हिवाळ्याआधी गळून पडतात. तशी करड्या चोचीची पफिनची छबी पाहिली, तेव्हा मी त्याला ओळखलंच नव्हतं.