रिकाम्या हॉलमध्ये बसणाऱ्यांचा हिशेब

यंदा एप्रिलमध्ये आमच्या विद्यापीठाच्या तिकीट ऑफिसकडून ईमेल आली. महिला बास्केटबॉलच्या हॉलमधल्या खालच्या भागातल्या सगळ्या खुर्च्या नव्याने वाटणार आहेत, आणि वाटप देणगीदारांच्या क्रमाने होणार आहे. ज्यांचे पॉइंट्स जास्त त्यांनी आधी निवडायचं, उरलेल्यांनी उरलेल्यातून घ्यायचं. शिवाय खालच्या भागात बसायचं तर तिकिटाच्या पैशांव्यतिरिक्त दर खुर्चीमागे दरवर्षी ठरावीक देणगी द्यायची.

भारतातल्या माझ्या मैत्रिणींना यात गहजब करण्यासारखं काय आहे ते पटकन कळत नाही. कॉलेजच्या मॅचला तिकीट कसलं, असं त्या विचारतात. म्हणून आधी सांगते. इथे अमेरिकेत कॉलेजचा खेळ म्हणजे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा नव्हे. मिशिगन विद्यापीठाच्या (अमेरिकन) फुटबॉल स्टेडियमची क्षमता १,०७,६०१ आहे. कॅन्सस विद्यापीठाच्या ॲलन फील्डहाउसमध्ये पंधरा हजारांवर लोक बास्केटबॉल बघतात. लहान गावांत व्यावसायिक संघ नसतोच, त्यामुळे विद्यापीठाचा संघ हाच गावाचा संघ. शेतकरी, प्लंबर, नर्स, ज्यांनी कॉलेजची पायरी कधी चढली नाही असे लोकसुद्धा तीच टोपी घालून फिरतात. सीझन तिकिटं, म्हणजे पूर्ण मोसमाची तिकिटं, घराण्यात चालत येतात, आणि घटस्फोटात घराबरोबर त्यांचीही वाटणी होते.

आम्ही मिडवेस्टमधल्या अशाच एका गावात राहतो. लेक दुसरीत होती तेव्हा तिला घेऊन मी महिला बास्केटबॉलच्या मॅचला पहिल्यांदा गेले. तिकीट पाच डॉलर. हॉल एवढा रिकामा, की कोच ओरडली तर वरच्या रांगेपर्यंत शब्द न् शब्द ऐकू यायचा. आम्हाला दोघींना ते फार आवडलं. पुढच्या वर्षी सीझन तिकीट घेतलं, आमच्या संघाच्या बाकामागे, सहाव्या रांगेत. शेजारच्या दोन खुर्च्यांवर दोन आजी आधीपासूनच बसत होत्या. बहिणी बहिणी, दोघी निवृत्त शिक्षिका. चाळीस मैलांवरून गाडी चालवत यायच्या, बर्फ असला तरी यायच्या. थोरलीच्या मांडीवर वही आणि हातात पेन्सिल. प्रत्येक बास्केट, प्रत्येक फाउल ती लिहून काढते. स्कोअरबोर्डवर सगळं दिसत असताना कशाला, असं माझ्या लेकीने विचारलं तेव्हा आजी म्हणाल्या, "बोर्ड रात्री बंद करतात."

या दोघी मूळच्या आयोवाच्या. आयोवात शाळकरी मुलींचा बास्केटबॉल एका बाजूला सहा जणींचा असायचा. तिघी फक्त आक्रमण करणार, तिघी फक्त बचाव करणार, मधली रेघ कुणी ओलांडायची नाही, आणि चेंडू दोनदाच टप्पा मारायचा. आज ऐकताना हे मुलींना जखडून टाकल्यासारखं वाटतं. पण खेड्यापाड्यांत या मुलींची मॅच हा सणच होता, आणि राज्य स्पर्धेला डेमॉइनचं व्हेटरन्स ऑडिटोरियम भरून वाहायचं. आयोवाने हा प्रकार १९९३ मध्ये बंद केला. थोरल्या आजी बचाव करणाऱ्या तिघींतल्या. शाळा संपली आणि त्यांचा खेळही संपला, कारण १९६० च्या दशकात मुलींना खेळासाठी शिष्यवृत्ती देणारी विद्यापीठं जवळपास नव्हतीच. शिक्षणात लिंगभेद करायला मनाई करणारा टायटल नाइन कायदा आला १९७२ मध्ये. त्यांना उशिराच म्हणायचा.

पुढे काय झालं ते खेळ बघणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. आयोवा विद्यापीठात केटलिन क्लार्क नावाची मुलगी आली, अर्ध्या कोर्टाजवळून चेंडू टाकायला लागली, आणि बघता बघता बायकांच्या मॅचची तिकिटं संपायला लागली. २०२३-२४ च्या हंगामाची आयोवाची सगळी सीझन तिकिटं विकली गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांच्या फुटबॉल स्टेडियममध्ये झालेली एक सरावाची मॅच ५५,६४६ लोकांनी पाहिली. २०२४ ची महिलांची फायनल टीव्हीवर पुरुषांच्या फायनलपेक्षा जास्त लोकांनी बघितली. असं त्याआधी कधीच झालं नव्हतं. ही लाट आजूबाजूच्या सगळ्या विद्यापीठांत आली, आमच्याकडेही आली. आता आमचा हॉल भरतो. मला त्याचा इतका आनंद आहे, की पहिल्यांदा भरलेला हॉल पाहिला त्या दिवशी मी रडले होते.

पण ही गर्दी आभाळातून पडलेली नाही. त्याच आयोवात ३ फेब्रुवारी १९८५ ला, व्हिव्हियन स्ट्रिंगर कोच असताना, ओहायो स्टेटविरुद्धच्या महिलांच्या मॅचला २२,१५७ लोक हॉलमध्ये कोंबून बसले होते. हॉलची क्षमता त्याहून कितीतरी कमी. ती गर्दी पुढे ओसरली, पण काही माणसं उरली. त्यांनी मधली पंचवीस-तीस वर्षं तो खेळ धरून ठेवला. आमच्याकडे आजींसारख्या लोकांनी ठेवला. खेळायला आलेल्या अठरा वर्षांच्या मुलीला समोर निदान पाचशे चेहरे दिसले पाहिजेत, त्यातले शंभर तरी तिचं नाव घेऊन ओरडले पाहिजेत, तर ती पुढच्या वर्षी थांबते, तिची धाकटी मैत्रीण याच विद्यापीठात यायचं ठरवते. आज ज्या खुर्चीला भाव आला आहे तो असा एकेका मोसमात जमा झालेला आहे. भाव आल्यावर मात्र खुर्ची कुणाची हे ठरवताना तो हिशेब कुठेच नाही.

पॉइंट्सची पद्धत साधारण सगळीकडे सारखीच. आयुष्यभरात दिलेल्या दर शंभर डॉलरला अमुक पॉइंट, सलग किती वर्षं तिकीट घेतलं त्याचे काही पॉइंट, माजी विद्यार्थी असाल तर थोडे, खेळाडू होता तर थोडे. मग सगळ्यांचा क्रम लागतो. वर्षांचे पॉइंट असतात, नाही असं नाही. पण एका मोठ्या चेकने पंधरा-वीस वर्षं एका दमात मागे पडतात. आमच्या यादीत वर्षं मोजली आहेत ती फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलची. महिलांच्या तिकिटाची वर्षं धरलीच नाहीत, कारण त्या वेळी या खुर्च्यांसाठी क्रम लावायची गरज नव्हती, असं मला फोनवर सांगितलं गेलं. या वाक्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

देणगी हा शब्द इथे कसा वापरला जातो त्याचा इतिहासही सांगण्यासारखा आहे. ज्या पैशाच्या बदल्यात तिकिटाचा हक्क मिळतो त्यावर करसवलत कशी, असा प्रश्न अमेरिकेच्या आयकर खात्याने १९८० च्या दशकात उचलला होता. प्रश्न रास्त होता. पण १९८६ च्या करसुधारणा कायद्यात दोन विद्यापीठांसाठी खास पळवाट ठेवली गेली, टेक्सस आणि लुइझियाना स्टेट. कायद्यात नावं नाहीत, फक्त वर्णन आहे: जी संस्था राज्यघटनेने १८७६ मध्ये सांगितली, जिचा कायदा मार्च १८८१ मध्ये झाला, असं. साहजिकच बाकीच्यांनी ओरड केली, आणि १९८८ मध्ये सगळ्यांनाच ८० टक्के सवलत देऊन टाकली. ती जवळजवळ तीस वर्षं चालली. डिसेंबर २०१७ च्या करकायद्याने ती बंद केली. म्हणजे आज हा पैसा सरकारच्या लेखी दान नाही. विद्यापीठाने तरी सरळ किंमत म्हणावं. मग निदान आजींसारखी माणसं, आपण विद्यापीठाला पुरेसं दिलं नाही, या अपराधी भावनेतून मोकळी होतील. धाकट्या आजींनी मला खरंच विचारलं होतं, आपण कमी पडलो का गं?

विद्यापीठाला पैसे लागतात हे मला मान्य आहे, आणि ते मनापासून मान्य आहे. फुटबॉल आणि पुरुषांचा बास्केटबॉल सोडला तर बहुतेक खेळ स्वतःचा खर्च काढत नाहीत. पोहणं, कुस्ती, महिलांचं रोइंग या सगळ्यांच्या शिष्यवृत्त्या कुणाच्या तरी देणगीतून निघतात. त्यात जून २०२५ मध्ये न्यायालयाने, खेळाडूंनी मोबदल्यासाठी लढलेल्या हाउस खटल्यातली तडजोड मंजूर केली, आणि विद्यापीठांना पहिल्या वर्षी २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम खेळाडूंना थेट द्यायची मुभा मिळाली. खेळाडूंना पैसे मिळालेच पाहिजेत. इतकी वर्षं त्यांच्या घामावर बाकी सगळ्यांनी कमावलं. टेनेसी विद्यापीठाने तर २०२४ मध्येच जाहीर केलं, की पुढच्या वर्षीपासून फुटबॉलच्या तिकिटावर खेळाडूंसाठी दहा टक्के वेगळे घेऊ. मला ते जास्त प्रामाणिक वाटतं. सगळ्यांवर सारखा भार, आणि पैसा कशासाठी ते स्पष्ट. दहा टक्के आजीही देतील. खुर्चीमागे दरवर्षी कित्येकशे डॉलर शिक्षिकेच्या पेन्शनीतून निघत नाहीत.

मोठ्या देणगीदारांबद्दलही माझ्या मनात अढी नाही. मागे आम्ही कॅन्ससला लॉरेन्स गावी गेलो होतो. बास्केटबॉल शोधणाऱ्या जेम्स नेस्मिथने १८९१ मध्ये टाइप केलेले मूळ तेरा नियम तिथे ॲलन फील्डहाउसला लागून असलेल्या इमारतीत ठेवले आहेत. दोन पिवळे पडलेले कागद. डेव्हिड बूथ नावाच्या तिथल्या माजी विद्यार्थ्याने २०१० मध्ये लिलावात ४३ लाख डॉलर मोजून ते विकत घेतले, म्हणून ते कुणाच्या दिवाणखान्यात गेले नाहीत. लेक त्या काचेसमोर बराच वेळ उभी होती. अशा माणसाला चांगली खुर्ची मिळाली तर माझी काही तक्रार नाही.

पण त्याच कॅन्ससमध्ये त्याच वर्षी काय उघडकीला आलं तेही विसरता येत नाही. पॉइंट्सची पद्धत आल्यावर तिथल्या कित्येक जुन्या लोकांना खाली बसायची जागा सोडावी लागली होती, आणि २००५ ते २०१० या काळात सुमारे वीस हजार तिकिटं आतल्याच माणसांनी बाहेर विकल्याचं चौकशीत निघालं. छापील किमतीनेच दहा लाख डॉलरच्या वर. तुरुंगात गेलेल्यांत देणगीदारांचा निधी सांभाळणारे अधिकारीही होते. क्रम लावणारी यादी बंद खोलीत असली की हे होऊ शकतं. म्हणून यादी सगळ्यांना दिसली पाहिजे, हे माझं मागणं केवळ संशयातून आलेलं नाही.

हॉलचं काय होतं हाही प्रश्न आहेच. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचं डीन स्मिथ सेंटर १९८६ मध्ये देणगीच्या पैशातून उभं राहिलं आणि कोर्टाजवळच्या खुर्च्या देणगीदारांकडे गेल्या. १९९१ मध्ये फ्लोरिडा स्टेटचा खेळाडू सॅम कॅसल तिथे जिंकून बाहेर आला आणि ही चीज-वाइनवाली गर्दी आहे असं म्हणाला, म्हणजे ओरडणारी नव्हे, मेजवानीला आल्यासारखी. ते वाक्य अजून त्यांना चिकटलेलं आहे. तिथून दहा मैलांवर ड्यूक विद्यापीठाचं कॅमेरॉन स्टेडियम, जेमतेम ९,३१४ खुर्च्यांचं, पण कोर्टाला खेटून विद्यार्थी उभे. पाहुण्या संघाला तिथे धडकी भरते. त्या कडेच्या जागा विकून ड्यूकला किती पैसा मिळाला असता याचा अंदाज कुणालाही करता येईल. त्यांनी विकल्या नाहीत.

माझे बाबा दादरचे, क्रिकेटवेडे. तिकिटांवरून माणसं कशी दुखावतात हे मी पहिल्यांदा त्यांच्याकडून ऐकलं. ब्रेबॉर्न हे क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं, आणि कसोटीची किती तिकिटं मुंबई क्रिकेट असोसिएशनला द्यायची यावरून दोघांत वर्षानुवर्षं वाद. शेवटी शेषराव वानखेड्यांनी हाकेच्या अंतरावर दुसरं स्टेडियमच बांधलं, आणि जानेवारी १९७५ मध्ये तिथे वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी झाली. बाबा तिथे होते, क्लाइव्ह लॉइडची नाबाद २४२ त्यांनी उन्हात बसून पाहिली. पण २०११ च्या विश्वचषकाची फायनल त्याच वानखेडेवर झाली तेव्हा तेहतीस हजार जागांपैकी सर्वसामान्यांना विकायला चारच हजार तिकिटं होती. बाबांनी फायनल घरी टीव्हीवर पाहिली. तक्रार केली नाही, पण धोनीचा षटकार गेला तेव्हा टाळी वाजवून लगेच उठून गॅलरीत गेले, असं आई सांगते.

मी तिकीट ऑफिसला पत्र लिहिलं आहे. त्याखाली आमच्या विभागातल्या बहुतेक सगळ्यांच्या सह्या आहेत. महिलांच्या सीझन तिकिटाची सगळी वर्षं मोजावीत, अगदी पाच डॉलरच्या काळातलीसुद्धा, आणि जुन्या वर्षांना जास्त वजन द्यावं. खालच्या भागातला एक विभाग देणगीशिवाय ठेवावा, तो फक्त वर्षांच्या क्रमाने भरावा. पॉइंट्सची यादी, नावं झाकून का होईना, जाहीर करावी. पंच्याहत्तरीच्या पुढच्या माणसांना वरच्या रांगेत पाठवू नये, तिथल्या पायऱ्यांना मधे कठडा नाही.

जुनी तिकिटं ऑफिसकडे नोंदलेली नाहीत, पुरावा असेल तर दाखवा, असं उत्तर आलं. थोरल्या आजींकडे सगळ्या वह्या आहेत, पहिल्या मोसमापासूनच्या. प्रत्येक पानावर तारीख, प्रतिस्पर्धी, अंतिम गुण, आणि कोपऱ्यात खुर्ची क्रमांक. गेल्या शनिवारी लेक त्यांच्या घरी स्कॅनर घेऊन गेली होती. १९९७ पर्यंतच्या झाल्या आहेत, उरलेल्या या आठवड्यात होतील.