एडलवाइस, वर्ष दुसरं: या वेळी लव पांढरी आली

जुलै संपत आला. एडलवाइस म्हणजे आल्प्समधलं पांढरं, लवेदार डोंगरफूल. माझ्या पाच कुंड्यांपैकी तीन फुलल्या, आणि फुलं खरोखर पांढरी आहेत! माझी आधीची करडी, लोळलेली रोपं ज्यांनी पाहिली होती त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहिते.

तेव्हा लाड नडले. रोपवाटिकेतून आणलेली रोपं मी कंपोस्ट घातलेल्या काळ्या मातीत लावली, रोज पाणी दिलं. देठ नुसते उंच झाले, लव विरळ आली आणि हिवाळ्यात मुळं कुजली. आल्प्समध्ये एडलवाइस साधारण 1800 ते 3000 मीटरवर, बहुतेक चुनखडीच्या खडकांत वाढतं. आपल्याला पाकळ्या वाटतात ती लवेनं मढलेली पानं. खरी फुलं मधल्या पिवळसर गुच्छांत. सूर्यफुलाचं कुळ ना, आपल्या सोनकीचंच. ती लव प्रखर उन्हापासून आणि कोरड्या वाऱ्यापासून रोपाला जपते. माझ्या ओल्या, सकस मातीत तिची गरजच उरली नव्हती.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत बी पेरलं, विकतचं. डोंगरातली फुलं संरक्षित आहेत, त्यांना हात लावायचा नाही. बी अगदी बारीक, आणि उगवायला उजेड लागतो, म्हणून वर माती न लोटता नुसतं दाबलं. पाच आठवडे कुंडी बाहेर थंडीत ठेवली. एप्रिलमध्ये कोंब दिसले, मे अखेरीस रोपं वेगळी केली. मिश्रण असं: दोन भाग चुनखडीची बारीक खडी, एक भाग जाड वाळू, एक भाग साधी माती. खत अजिबात नाही. पहिलं वर्ष जमिनीलगत पानांचा झुबका, बस्स. हिवाळ्यात बर्फाची धास्ती घेतली नाही, पावसाची घेतली. कुंड्या छपराखाली सरकवल्या.

गेल्या शनिवारी जर्मनीतल्या आल्प्समध्ये, एल्माऊहून चढून शाखेनच्या अल्पाइन (उंच डोंगरातल्या वनस्पतींच्या) बागेत जाऊन आले. म्युनिकच्या वनस्पती उद्यानाचीच ती डोंगरातली बाग, साधारण 1850 मीटरवर. तिथली रोपं बोटभर उंचीची, लव इतकी दाट की पानाचा हिरवा रंग दिसेना. माझी बाल्कनी जेमतेम 520 मीटरवर. तेवढी उंची खडी घालून मिळत नाही, तरी माझी फुलं त्यांच्या जवळपास पोचलीत याचा फार आनंद झाला.

न फुललेल्या दोन कुंड्या दक्षिणेच्या कठड्यावर, भर उन्हात हलवल्यात. रोपं फार वर्षं टिकत नाहीत, त्यामुळे यंदा बी धरणार आहे. पिकल्यावर कुणाला हवं असेल तर आत्ताच सांगून ठेवा.