बाल्कनीतली हवा: मिनिटाचं रीडिंग आणि तासाची सरासरी

हवेतल्या धुळीचा ऐरोलीच्या काकांचा आलेख सपाट आणि घोडबंदर रोडवरचा माझा दातेरी का, हा विषय ग्रुपवर परत निघाला. सेन्सर दोघांचा एकच, हवेतले सूक्ष्म कण मोजणारा प्लँटॉवर पीएमएस ५००३. पण काका पीएम २.५ ची (अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांची) तासाची सरासरी साठवतात आणि मी दर मिनिटाचं रीडिंग. या दोन्हींची प्रमाण विचलनं (आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत त्याचं माप) शेजारी ठेवून कुणाची हवा जास्त स्थिर ते ठरवता येत नाही. या वेळी हे माझ्या डेटावर तपासून पाहिलं.

रीडिंग एकमेकांपासून स्वतंत्र असतील, तर ६० रीडिंगच्या सरासरीचं विचलन एकेका रीडिंगच्या विचलनापेक्षा √६० पट, म्हणजे साधारण ७.७ पट कमी भरतं. समजा एकेकाचं १५ आहे, तर सरासरीचं २ च्या आसपास. हवा तीच, सेन्सरही तोच.

शीटमध्ये शेजारच्या कॉलमात रँड (कसेही आकडे देणारं फंक्शन) टाकलं, त्यावर सॉर्ट करून रीडिंगचा क्रम पार विस्कटला आणि साठ-साठचे गट पाडून सरासऱ्या काढल्या. विचलन अपेक्षेप्रमाणे घटलं. मग मूळ क्रमातले खरे तास घेतले, तर घट त्याच्या जवळपासही नाही! कारण ८:०१ ची हवा बरीचशी ८:०० सारखीच असते. सकाळची वाहनं, दुपारचा खाडीवरचा वारा, रात्री वारा पडल्यावर साचणारा धूर, यांचा परिणाम तासन्‌तास टिकतो. तो तासाच्या सरासरीत पुसला जात नाही. पुसला जातो तो सेन्सरचा गोंगाट, म्हणजे त्याच्या मोजणीतली आपोआपची चूकभूल, आणि खालून गेलेला एखादा डंपर. विस्कटलेल्या आणि खऱ्या क्रमातली ही तफावत मला आलेखाहून मोलाची वाटते, कारण हवेत खरोखर काय बदललं ते तिच्यात दिसतं.

२००९ च्या राष्ट्रीय मानकांतली ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर ही मर्यादा २४ तासांच्या सरासरीची आहे. एका मिनिटाचं ११० तिच्याशी लावू नये. कचरा कधी जाळला ते शोधायचं असेल, तर मात्र मिनिटाचंच रीडिंग हवं.

पुढे दोन्ही सेन्सर शेजारी ठेवायचे आहेत. वजाबाकीत हवेचे चढउतार निघून जातील. उरलेल्या फरकाचं विचलन √२ ने भागलं की एका सेन्सरचा गोंगाट कळेल. पावसाळ्याआधी उरकू, दमट हवेत कण फुगतात आणि या सेन्सरला हीटर नाही. काका, रविवारी घेऊन याल का? येण्याआधी सरासरी बंद करून कच्ची रीडिंग साठवायला लावा.