आजची ग्रामसभा

आज झेंडावंदनानंतर ग्रामसभा झाली आणि शंभराच्या वर माणसं बसली, म्हणजे कोरम पूर्ण. (कायद्याने मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली कमी असेल ती संख्या लागते.) १ मेला कोरम झाला नव्हता. मग तहकूब झालेली तीच सभा पुन्हा भरली, अशा सभेला कोरमची अट नसते, आणि मोजक्या माणसांत सगळे विषय मंजूर झाले. ते मला फार खुपलं होतं.

आजचा सगळ्यात चांगला ठराव मात्र बायकांनी आणला. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावीच लागते. आमच्याकडे ती सहीपुरती उरली होती. या वेळी बायका खरंच बसल्या, बोलल्या. एक मावशी म्हणाल्या, "नळाला पाणी येतं अकराला. तेव्हा आम्ही खुरपायला गेलेल्या असतो. भरायचं कुणी?" दुसरीने लगेच वेळ सुचवली, सकाळी साडेसहा. आज तो विषय ग्रामसभेत आला, ठराव झाला, प्रोसिडिंगमध्ये नोंदही झाली. खर्च एक रुपया नाही! ज्या घरात पाणी भरलं जातं त्या घरातल्या बाईला विचारल्याशिवाय हे कळणारच नव्हतं.

आता विकास आराखड्याचं बघू. कच्चा आराखडा सभेच्या आठ दिवस आधी फलकावर लागावा, प्रत्येक कामापुढे रक्कम लिहून. सभेत घाईघाईने वाचलेल्या यादीवर माणूस काय बोलणार? २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेसाठी हा विषय मी लेखी देतोय. सह्या करायला कोण कोण येतंय ते खाली सांगा.