यलोस्टोनमधून आरव्ही घेऊन बाहेर पडताना

उन्हाळा जवळ आला की एक प्रश्न मला हमखास येतो: अमेरिकेतलं यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान बघून झाल्यावर कोडी गावाला जायचंय, मोटरहोम (आरव्ही) मोठं आहे, बेअरटूथ हायवेने निघावं का? तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. उद्यानाच्या ईशान्येच्या दारातून बाहेर पडा, कुक सिटीच्या पुढे थोडं जा आणि उजवीकडे चीफ जोसेफ हायवेला, म्हणजे वायोमिंग राज्याच्या 296 क्रमांकाच्या रस्त्याला, वळा.

बेअरटूथच्या देखणेपणाबद्दल वादच नाही. खिंड 10,947 फुटांवर, जुलैतही कडेला बर्फ. पण पलीकडे रेड लॉज गावाकडे उतरताना वळणावर वळणं येतात, आणि लांब गाडी हाकणाऱ्याला तिथे मधली पिवळी रेघ आणि पुढचं वळण याखेरीज काही दिसत नाही. बाकीचे खिडकीला नाक लावून बसलेले. मला हे पटत नाही. स्टिअरिंगवरच्या माणसालाही डोंगर दिसला पाहिजे. शिवाय कोडीला जायचं तर रेड लॉजहून पुन्हा दक्षिणेला यावं लागतं.

296 वर चढ-उतार आहेतच, पण रस्ता पूर्ण डांबरी, वळणं मोकळी, आणि थांबायला जागा आहे. सनलाइट क्रीकच्या पुलाशी गाडी लावून पुलावर चालत जा. कठड्यावरून वाकून पाहिलंत की सरळ तुटलेल्या कड्यांच्या तळाशी, सुमारे 300 फुटांवर, पाणी दिसतं. आवाज मात्र जवळून आल्यासारखा येतो. पुढे रस्ता नागमोडी चढत डेड इंडियन खिंडीत पोचतो. इथे घाई करू नका. 1877 च्या सप्टेंबरात नेझ पर्स या मूळनिवासी जमातीचे लोक बायकामुलं, म्हातारी माणसं आणि घोड्यांचे कळप घेऊन, अमेरिकी सैन्याला चुकवत याच डोंगरांतून गेले. सैन्याला हुलकावणी देऊन ते एका अरुंद घळीतून खाली उतरले. वर उभं राहून खालची दरी पाहिली की हे लोक कुठून कसे गेले असतील, याचा विचार सुटत नाही. रस्त्याला नाव त्यांच्याच नेत्याचं आहे.

खिंडीनंतरचा उतार लांब आहे. तो सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाका आणि गाडी इंजिनाला धरू द्या. ब्रेक दाबायचा तर ठाम दाबून वेग कमी करायचा आणि सोडायचा. पाय सतत पेडलवर ठेवला तर ब्रेक तापतात आणि ऐन वेळी धरत नाहीत. मागे गाड्या साचल्या तर बाजूला घेऊन त्यांना जाऊ द्या.

हवा बिघडली असेल तर सरळ पूर्वेच्या दारातून सिल्व्हन खिंडीने कोडी गाठा. तोही रस्ता सुरेख आहे.

आणि मागे छोटी गाडी ओढत नेत असाल, तर मोटरहोम कोडीच्या कॅम्पग्राउंडवर उभं करा आणि दुसऱ्या दिवशी त्या गाडीने बेअरटूथवर जा. फक्त रस्ता उघडा आहे ना, ते सकाळी बघून निघा. तो साधारण मे अखेरीस उघडतो आणि ऑक्टोबरात बंद होतो.