परिवीक्षा अहवालातील एक शब्द
अमेरिकेतील किशोर परिवीक्षेत, म्हणजे मुलांना कोठडीऐवजी देखरेखीखाली ठेवण्याच्या व्यवस्थेत, कृष्णवर्णीय मुलांना समान न्याय मिळतो का, हा तिथल्या समाजकार्य अभ्यासकांचा प्रश्न नागपुरात बसून वाचताना मला आपले पारधी बेडे, म्हणजे पारधी या भटक्या-विमुक्त जमातीच्या वस्त्या, आठवले. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलाला बाल न्याय मंडळापुढे प्रथम हजर केल्यापासून १५ दिवसांत परिवीक्षा अधिकाऱ्याने सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो, आणि त्यात कुटुंबाविषयी जे लिहिले जाते त्याचा मुलाच्या पुढच्या वाटेवर परिणाम होतो. १८७१ च्या कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्या जमाती १९५२ मध्ये विमुक्त झाल्या. तरी भटके कुटुंब चटकन ‘अस्थिर’ ठरते. (हा शब्द मीही एकदा टिपणात लिहिला होता.) बदलीवर गाव सोडणाऱ्या बापासाठी तो आपण वापरतो का, हे मी आता तपासते आहे.